बोक्याची लघवी तुंबली तर: खेड्यात मांजर पाळणाऱ्यांसाठी

बोका कोपऱ्यात बसतो, कुथतो, उठतो, दोन पावलं जाऊन पुन्हा बसतो. मध्येच मागचा भाग चाटत राहतो. घरातलं कोणीतरी जाणतं माणूस सांगतं, "कुथून राह्यला न, एरंडेल पाजून द्या त्याले." आपल्याकडे मुतखड्याची बरीच प्रकरणं इथंच बिघडतात. कुथणारं मांजर दिसलं की माणसाला आधी बद्धकोष्ठ सुचतं. तुम्ही आधी लघवीचा विचार करा. संडास अडली असेल तर एका दिवसाच्या उशिरानं फारसं बिघडत नाही. लघवी अडली असेल तर तोच एक दिवस बोक्याला महागात पडतो.

विदर्भातल्या खेड्यांत मांजर पूर्वीपासून आहे, पण ते धान्याच्या कोठीत उंदीर मारायला. ते कुठं मुततं, किती पाणी पितं, हे कोणी पाहिलं नाही आणि पाहायची गरजही पडली नाही. आता पोरापोरींनी हौसेनं घरात मांजरं आणली आहेत, नसबंदी करून घेतली आहे, तालुक्याच्या दुकानातून पाकिटातलं खाणं येतं, एखाद्याकडे नागपूरहून आणलेलं लांब केसांचं पर्शियनही असतं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आत नेमकं काय होतं

मांजर मुळात कोरड्या मुलखातलं जनावर. कमी पाणी पिऊन घट्ट लघवी करणं हा त्याच्या शरीराचा स्वभाव. त्या घट्ट लघवीतले क्षार एकत्र आले की आधी बारीक स्फटिक आणि मग खडे तयार होतात. मांजरांत मुख्यतः दोन प्रकार आढळतात. स्ट्रुवाइट हा मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा खडा. तो ठराविक खाण्यानं विरघळवता येतो. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा. तो कुठल्याही औषधानं किंवा खाण्यानं विरघळत नाही, काढावाच लागतो. स्ट्रुवाइट तरुण आणि मध्यम वयात जास्त दिसतो, ऑक्झलेट उतारवयात आणि पर्शियनसारख्या जातींत.

भाटीची, म्हणजे मादी मांजराची, मूत्रनळी आखूड आणि रुंद असते, त्यामुळे बारीक खडे बरेचदा निघून जातात. बोक्याची नळी लांब असते आणि टोकाकडे फार अरुंद होत जाते. तिथं रेतीएवढा कणही अडकू शकतो. म्हणून लघवी पूर्ण तुंबण्याचं संकट जवळजवळ नेहमी बोक्यावरच येतं.

दरवेळी खडाच असतो असंही नाही. कधी स्फटिक आणि शेंबडासारखा चिकट पदार्थ मिळून नळीत बूच बसतं. तरुण मांजरांत तर सगळ्यांत जास्त वेळा खडाही नसतो आणि जंतूही नसतो. लघवीच्या पिशवीला नुसती सूज आलेली असते आणि तिचा ताणाशी संबंध असतो. बाहेरून तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. तेव्हा घरी बसून "खडा आहे की नाही" याचा काथ्याकूट करू नका, ते एक्स-रे सांगेल. तुम्हाला एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे: लघवी बाहेर येते आहे की नाही?

पायरी पहिली: बोक्याला कोंडा आणि रेती पाहा

खेड्यातल्या मांजराची अडचण हीच की ते सांदवाडीत नाहीतर वावरात जाऊन येतं. लघवी झाली की नाही हे कळणार कसं? शंका आली त्या क्षणी बोक्याला एका खोलीत कोंडा. घमेल्यात बांधकामाची कोरडी, चाळलेली रेती चार बोटं भरून ठेवा. राख वापरू नका, ती ओल्या पंजाला चिकटते आणि मांजर चाटतं. पाण्याचं भांडं जवळ ठेवा. न्हाणीचं दारही बंद करा, कारण पिशवी दुखत असली की मांजरं गार गुळगुळीत जागी, मोरीत किंवा धुतलेल्या कपड्यांवर थेंब टाकतात आणि तो थेंब पाण्यात दिसत नाही.

कोरड्या रेतीत लघवी झाली की ओला गोळा बनतो. निरोगी मोठं मांजर दिवसाला साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं, गोळा चांगला मुठीत मावेल एवढा असतो. खूप सारे बारीक गोळे म्हणजे थोडी थोडी लघवी येते आहे, आजार आहे पण वाट मोकळी आहे. लालसर गोळा म्हणजे रक्त. कुथण्याच्या खुणा, उकरलेली रेती आणि ओलावा अजिबात नाही, म्हणजे वाट बंद.

नवख्या माणसाचा एक गोंधळ होतो तो सांगून ठेवतो. कोंडलेलं मांजर बुजतं आणि काही तास घमेल्याकडे फिरकतच नाही. ते कुथत नसेल, खात-पीत असेल, तर नुसत्या कोरड्या रेतीनं घाबरू नका. पण दोन-तीनदा कुथून झालं आणि रेती कोरडीच, तर पुढच्या खेपेची वाट पाहायची नाही.

पायरी दुसरी: पोट चाचपा, पण दाबू नका

बोक्याला उभं धरा. मागच्या पायांच्या जरा पुढं, पोटाखालून हात घाला. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, अगदी हलकेच. रिकामी पिशवी हाताला लागतच नाही. तुंबलेली पिशवी आत कडक लिंबू असावं तशी लागते, कधी त्याहून मोठी, आणि हात लागताच बोका ओरडतो किंवा चावायला येतो. कळलं नाही तर पुन्हा पुन्हा चाचपू नका. ताणलेली पिशवी दाबली तर आत फुटते. "दाबून काढून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर हात जोडून नको म्हणा.

आता निर्णय.

कुथतो आहे आणि काहीच येत नाही, किंवा पिशवी कडक आहे: आत्ता निघा, रात्र असली तरी डॉक्टरांना फोन लावायला लागा. त्यात वांती, मलूलपणा, गार पडलेले कान आणि पंजे, खाणं सोडून एका जागी पडून राहणं हे दिसलं तर विष रक्तात चढायला लागलं आहे. लघवी पूर्ण तुंबल्यावर रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाची गती बिघडते. दोन-तीन दिवसांत, कधी त्याआधीच, जीव जातो.

थेंब थेंब येतं, रक्त आहे, पण बोका चालता-फिरता आहे: आज नाहीतर उद्या सकाळी दवाखाना, आणि तोवर दर दोन-तीन तासांनी रेती पाहणं. थेंब येणारी वाट रात्रीतून बंद होऊ शकते.

भाटी असेल आणि थोडी थोडी लघवी होत असेल तर दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं, न खाणं किंवा वांती नसेल तर.

घरच्या उपायांविषयी स्पष्टच

माणसाच्या मुतखड्यावर आपल्याकडे कुळथाचा काढा आहे, जवाचं पाणी आहे आणि पानफुटीची पानं आहेत. माणसाचं माणसाजवळ. पानफुटी मांजराला विषारी आहे. त्या वनस्पतीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. कुळथाच्या काढ्यानं बंद नळी उघडत नाही, तुमचे तास मात्र जातात.

बोकडाला खडा झाला की नवसागर देतात, हे शेळ्या पाळणाऱ्यांना ठाऊक असतं. तो हिशेब बोक्याला लावू नका. मात्रा थोडी चुकली तरी रक्ताचा तोल बिघडतो, आणि तुंबलेल्या बोक्याचा तो आधीच बिघडलेला असतो.

पॅरासिटामॉल अजिबात नाही. माणसाची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवायची यंत्रणाच त्याच्या यकृतात जवळजवळ नसते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकही नाही.

आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक: "लघवी सुटायचं इंजेक्शन". वाट बंद असताना लघवी वाढवणारं औषध देणं म्हणजे फुगलेल्या पिशवीत आणखी भर घालणं. गावातल्या खाजगी पशुसेवकानं सुई भरली तर आधी विचारा, "भाऊ, वाट मोकळी केल्याशिवाय हे द्यायचं का?" सिरिंजनं तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतण्याचंही तेच, वर ठसका लागून पाणी फुप्फुसात जायची भीती.

पायरी तिसरी: कुठं न्यायचं

गावातला पशुवैद्यकीय दवाखाना श्रेणी-२ चा असेल तर तिथं बहुधा पशुधन पर्यवेक्षक असतात. श्रेणी-१ मध्ये डॉक्टर, म्हणजे पशुधन विकास अधिकारी. त्यावर तालुका लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, जिल्ह्याला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक आहे. फिरतं पथक प्रामुख्यानं ढोरांसाठी असलं तरी जवळ कोण डॉक्टर उपलब्ध आहे एवढं तरी विचारून घ्या.

खेड्यातल्या डॉक्टरांना मांजर कमी बघायला मिळतं, म्हणून त्यांना टाळून थेट शहर गाठावं असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. ज्या डॉक्टरांनी बैलाचा, बोकडाचा मुतखडा काढला आहे त्यांना तुंबलेली लघवी काय चीज आहे ते समजावून सांगावं लागत नाही. अडचण ज्ञानाची कमी आणि सामानाची जास्त असते. बोक्याला लागणारा कॅथेटर, म्हणजे लघवीच्या वाटेत घालायची नळी, फार बारीक असतो, साधारण साडेतीन फ्रेंच मापाचा (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), आणि तो ढोरांच्या दवाखान्यात पडून असेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: बोक्याचा कॅथेटर आहे का, मांजराला भूल देता का, आणि एक-दोन दिवस ठेवून सलाईन देता येईल का. तिन्ही उत्तरं "हो" नसतील तर पुढचं ठिकाण त्यांनाच विचारा.

मोठी ठिकाणं म्हणजे नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, १९५८ साली सुरू झालेलं, आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था. अमरावती, चंद्रपूर, यवतमाळ या शहरांत लहान जनावरांचे खाजगी दवाखानेही आहेत. ओपीडीची वेळ आणि सुट्टीचा दिवस फोन करून विचारून घ्या.

सिरोंचा किंवा भामरागडकडच्या माणसानं काय करावं? तिथून नागपूर गाठायला अख्खा दिवस जातो. अशा वेळी जवळच्या डॉक्टरांना विनंती करा की सुईनं पोटातून पिशवी रिकामी करून मग पुढं पाठवता येईल का. हा तात्पुरता उपाय आहे, त्यातही जोखीम आहे आणि करायचा की नाही हे त्यांनीच ठरवायचं, पण त्यामुळे काही तास हाती लागतात.

नेताना

पिंजरा नसेल तर संत्र्याची दोन प्लास्टिक कॅरेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं घट्ट बांधा, खाली जुनं लुगडं अंथरा. हवा खेळते आणि बोका निसटत नाही. मोटरसायकलवर मागच्यानं कॅरेट मांडीवर आडवं धरायचं. पोत्यात बांधून नेऊ नका, एप्रिल-मेमध्ये तर नाहीच; पारा ४५ च्या वर असताना दुपारी निघावंच लागलं तर कॅरेटवर ओलं कापड टाका आणि एक बाजू उघडी ठेवा.

कागदावर लिहून न्या: वय, नसबंदी झाली का, शेवटची लघवी कधी दिसली, शेवटचं खाणं कधी, वांती किती, आणि कोणी काय पाजलं किंवा टोचलं. शेवटची गोष्ट लाजून लपवू नका, भूल देताना तीच महत्त्वाची ठरते. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर घेता येतं: कॅरेटसकट तोला, मग रिकामं कॅरेट तोला.

दवाखान्यात काय होईल

आधी रक्त तपासतील: क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललं आहे ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम. दवाखान्यात सोय नसेल तर कधी कधी माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमधून करून आणायला सांगतात; तो कागद घेऊन तुम्हालाच धावावं लागेल. मग सलाईन, भूल, आणि कॅथेटरमधून पाणी सोडून अडलेला खडा किंवा बूच मागं पिशवीत ढकलणं. कॅथेटर एक ते तीन दिवस आत ठेवतात. वाट मोकळी झाली की बोका खूप लघवी करतो आणि त्यात अंगातलं पाणी निघून जातं, म्हणून "झालं मोकळं, नेतो घरी" अशी घाई नको. बोक्यानं चाटू नये म्हणून लावायची गळ्यातली कॉलर मिळाली नाही तर जुन्या एक्स-रे फिल्मची करा, कडांना चिकटपट्टी लावून.

वाट मोकळी झाल्यावर एक्स-रे मागा. स्ट्रुवाइट आणि ऑक्झलेट दोन्ही सहसा एक्स-रेत दिसतात. लघवीच्या तपासणीत "क्रिस्टल आहेत" असं आलं म्हणजे खडा आहे असं नव्हे. निरोगी मांजराच्या लघवीतही ते सापडतात, आणि नमुना तासन्‌तास ठेवला किंवा थंड झाला की बाटलीतही तयार होतात. नमुना ताजाच द्या.

प्रतिजैविकाचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं तर एकदा विचारा की जंतू दिसले का. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग कमी वेळा असतो, म्हाताऱ्या मांजरांत जास्त.

घरी आल्यावर: खाणं आणि पाणी

चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, खाण्यातलं आणि पिण्यातलं मिळून. कोठीतला उंदीर खाणारं मांजर त्यातलं बरंचसं शिकारीतूनच मिळवतं, कारण उंदराच्या अंगात बहुतांश पाणीच असतं. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के. उरलेलं सगळं भांड्यातून प्यावं लागतं, आणि मांजर तेवढं पीत नाही. पाकीट वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते कोरडं आहे, एवढंच. दाणे कोमट पाण्यात भिजवून द्या आणि उन्हाळ्यात तासाभरात उरलेलं फेकून द्या, आंबतं. परवडत असेल तर पातळ खाण्याची पाकिटं बरी.

उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट देता येतं, मीठ, कांदा, लसूण न घालता. कांदा-लसूण मांजराला विषारी. पण नुसत्या चिकनवर महिनोन्‌महिने ठेवू नका, त्यात कॅल्शियमचा तोल नसतो. आठवडी बाजारातलं सुकट आणि सुके बोंबील खारट असतात आणि क्षारही भरपूर. खडा झालेल्या मांजराला बंदच. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाची ताजी बारीक मासळी मिळते, ती उकडून अधूनमधून चालते, डॉक्टरांनी खास खाणं लावलेलं नसेल तेव्हा. दूध-पोळी हे आपलं ठरलेलं खाणं, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधानं पातळ संडास होते आणि अंगातलं पाणी उलट कमी होतं.

खडा स्ट्रुवाइटचा वाटला तर डॉक्टर खास खाणं लिहून देतील. ते काही आठवड्यांत खडा विरघळवतं, पण एका अटीवर: दुसरं काहीही नाही. शेजारच्या काकूंनी दिलेली पोळी नाही, सुकटाचं एक डोकंही नाही. म्हणजे तेवढे दिवस बोका घरातच. दुसरं मांजर असेल तर दोघांची ताटं वेगळी, वेळ ठरवून. नुसतं "युरिनरी केअर" छापलेलं साधं पाकीट आणि डॉक्टरांनी लिहिलेलं उपचाराचं खाणं एकच नसतं, नाव नीट जुळवून घ्या. विरघळताना खडा लहान होतो आणि नळीत उतरून अडकू शकतो, म्हणून या काळात घमेलं रोज पाहायचं. साधारण महिन्यानं पुन्हा एक्स-रे. तो स्वच्छ आला तरी डॉक्टर आणखी काही आठवडे तेच खाणं चालू ठेवायला सांगतात.

पाण्याची भांडी एकाऐवजी तीन-चार ठेवा: पसरट तोंडाची, सावलीत, खाण्यापासून आणि घमेल्यापासून दूर. मातीचं परळ चांगलं, पाणी गार राहतं. सकाळ-संध्याकाळ बदला. काही मांजरं कूलरखाली टपकणारं पाणीच पितात; प्यायला हरकत नाही, पण वायर आणि ओल एकत्र नाही ना ते आधी बघा.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातले लोक हमखास विचारतात, पाण्यामुळे झालं का? मांजरांच्या बाबतीत खारं पाणी म्हणून खडा, असं म्हणायला पक्का आधार नाही. चवीमुळे मांजर ते कमी पीत असेल तर मात्र फरक पडतो. घरात पिण्यासाठी जे पाणी आणता तेच त्याला द्या.

नसबंदीवरही बोट ठेवलं जातं. बोकडाला फार लवकर खच्ची केलं तर नळी अरुंद राहते, हे खरं. बोक्यांत तसं आढळलेलं नाही. नसबंदीनंतर बोका पडून राहतो, अंगानं सुटतो, कमी पाणी पितो, आणि तिथून त्रास सुरू होतो. खाणं मोजून द्या, रोज थोडं खेळवा.

एक्स-रेत खडा नसेल आणि त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर घरात काय बदललं ते आठवा. लग्नाचा डीजे, दिवाळीचे फटाके, घराची रंगरंगोटी, नवं पिल्लू, दारात येऊन भांडणारा परका बोका. लपायला उंच जागा आणि एक शांत कोपरा दिला तर अशा मांजरांना खरंच फरक पडतो.

शस्त्रक्रियेत खडा काढला तर तो कोरड्या डबीत मागून घ्या, प्रकार तपासता येतो का विचारा. आणि उपचारानंतरही बोका परत परत तुंबत राहिला तर डॉक्टर दुसऱ्या एका शस्त्रक्रियेचा विषय काढतील: नळीचा टोकाचा अरुंद भाग काढून रुंद तोंड करून देणं. त्यानं तुंबणं खूप कमी होतं. जंतुसंसर्गाची शक्यता मात्र वाढते आणि खडे तयार व्हायचे थांबत नाहीत, म्हणून खाण्यापाण्याचा नेम त्यानंतरही तसाच ठेवावा लागतो.